माझं पहिलं ‘नको’

माझ्या कपाटात एक मरून रंगाचा लोकरीचा स्वेटर आहे. डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, त्याची पार चाळण झाली आहे. कसर लागलेली नाही. ती भोकं एका राजाने पाडली आहेत, सेफ्टी पिनने, आणि तेव्हा तो स्वेटर माझ्या अंगात होता. माझी मुलगी घरी आली की तो देऊन टाकायच्या पिशवीत घालते, आणि ती गेली की मी परत काढून ठेवते.

राजा म्हणजे खराखुरा, गादीवर बसलेला. देशाचं नाव मी सांगणार नाही. एक तर तिथली माणसं माझ्याशी चांगली वागली, आणि दुसरं म्हणजे नकाशावर तो देश बोटाखाली झाकला जातो. राजेसाहेबांची मुलगी इथे ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत शिकवते. दोन वर्षांपूर्वी थंडीत ते तिला भेटायला आले आणि इथेच त्यांना स्ट्रोक आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय हळूहळू चालायला लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. परत नेण्याची घाई नको असं ठरलं, आणि नदीकाठी एक घर भाड्याने घेऊन त्यांना तिथे ठेवलं.

मी फिजिओथेरपिस्ट. शिक्षण नागपूरचं, इथे येऊन सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या, आणि शेवटची वीस वर्षं फक्त हातांचं काम केलं. त्या वेळी मी नुकतीच रिटायर झाले होते. राजेसाहेबांचे न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे आमचा दादा, आणि त्यानेच माझं नाव सुचवलं.

दादा सख्खा भाऊ नव्हे. तो पुण्याचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि इथे माझ्या बराच आधी आलेला. माझ्या इथल्या पहिल्या दिवाळीत आमच्या मराठी मंडळाच्या फराळाला ओळख झाली. मला भाऊ नाही, त्याला बहीण नाही. माझ्याकडे पाटही नव्हता, तर तो टेलिफोनच्या दोन जाडजूड डिरेक्टऱ्यांवर बसला आणि मी त्याला ओवाळलं. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांत एकही भाऊबीज चुकली नाही. माझे यजमान गेले त्या हिवाळ्यात रोज सकाळी उठून पाहावं तर ड्राइव्हवे साफ केलेला असायचा. मी कितीदा म्हटलं, दादा नको, माणूस लावते मी. त्याने ऐकलं नाही. हे सगळं आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, माणूसच तसला. तो तसला नव्हता, म्हणून तर माझा एवढा संताप आहे.

तर राजेसाहेब. आठवड्यातले सहा दिवस, सात महिने मी त्यांच्याकडे जात होते. पहिले काही आठवडे ते माझ्याशी धड बोललेही नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांनी बटणं लावून दिलेला माणूस, त्याला बटण लावायला शिकवणारी मी कोण! मी घरून राजमा आणि मटकी एकत्र करून नेत असे आणि ती निवडायला बसवत असे. एकदा त्यांनी सगळी ताटली उलथून टाकली. मी म्हटलं, आता जमिनीवरची निवडा. त्यांचा सेक्रेटरी पांढराफटक पडला, पण राजेसाहेब हसले, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

हात बरा झाला की सगळ्यात आधी काय कराल, हे मी प्रत्येक पेशंटला विचारते. कुणी म्हणतं नातवाला उचलून घेईन, कुणी म्हणतं गोल्फ खेळेन. राजेसाहेब म्हणाले, “पिन लावीन.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या देशात मानाची पदकं ढीगभर. सैनिकांना, कलावंतांना, व्यापाऱ्यांना. ती सगळी मंत्री ठरवतात, राजा सही करतो. एकच पदक असं आहे की ज्यात मंत्र्यांनी तोंड उघडायचं नाही. राजाची ज्याने स्वतः, जवळ राहून सेवा केली, त्याला राजाने आपल्या मर्जीने द्यायचं. इंग्लंडच्या राजघराण्यातही असलाच एक सन्मान आहे, असं मी नंतर वाचलं. आपल्या जुन्या संस्थानी भाषेत म्हणायचं तर खासगीतली सरदारकी. राजेसाहेबांच्या आजोबांनी ती आपल्या न्हाव्याला दिली होती, वडिलांनी घोड्यांच्या एका म्हाताऱ्या मोतद्दाराला. परदेशी माणसांसाठी मोजक्या जागा. पदक ज्याच्याकडे असेल तो वारला की घरच्यांनी ते राजवाड्यात परत पाठवायचं, मग पुढच्याला. आणि ते राजाने स्वतःच्या उजव्या हाताने, स्वतः पिन लावून द्यायचं. स्ट्रोक आल्यापासून त्यांना ते कुणालाच देता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हा मरून स्वेटर घालून गेले आणि मोठ्या सेफ्टी पिनांचं पाकीट घेऊन गेले. “माझ्यावर शिका,” मी म्हटलं. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट धरायची, दुसऱ्या हाताने लोकर ताणायची, पिन आत घालायची, बाहेर काढायची, मिटायची. पहिले तीन आठवडे पिन खालीच पडत होती. नंतर ती मला टोचायला लागली. रक्त आलं तर ते लाजेने लाल व्हायचे, मी म्हणायचे, “प्रगती आहे.” सातव्या महिन्यात एका सकाळी त्यांनी पिन लावली, मिटली आणि हात मागे घेतला. मग ते रडले, आणि मीही.

त्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक रीत सांगितली. हे पदक द्यायच्या आधी त्या माणसाला विचारायचं असतं. पत्राने नाही, कारण कागदावर नकार आला तर राजाचाही अपमान आणि त्याचाही. म्हणून त्याच्या जवळच्या कुणाकरवी तोंडी विचारायचं, एकदाच. हो म्हणाला तर जाहीर करायचं. नाही म्हणाला तर त्याच्याशी तो विषय पुन्हा कुणी काढायचा नाही. एवढं सांगून त्यांनी विचारलं, “इथे तुझ्या सगळ्यात जवळचं कोण?”

“मुलगी टेक्सासला, फ्रिस्कोत असते,” मी म्हटलं. “इथे म्हणाल तर माझा भाऊ. तुमचे डॉक्टर.”

ते का विचारत होते हे मला कळलं का? कळलं. न कळायला काय झालं! घरी येताना गाडीत मी एकटीच हसत होते. मी उगाच साधेपणाचा आव आणत नाही, मला ते पदक हवं होतं. आयुष्यभर मी लोकांचे हात चालते केले आणि ते हात आभार मानायला डॉक्टरांच्या हातात गेले. मी कायम ‘थेरपी लेडी’. कुणीतरी एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणावं, हिने केलं, एवढीच माझी हाव होती, आणि ती मोठी होती.

राजेसाहेब मायदेशी गेले. हिवाळा सरला. होळी त्या वर्षी रविवारी आली आणि दादाकडे दुपारी पुरणपोळीचं जेवण होतं. आम्ही तिघंच होतो, दादा, वहिनी आणि मी. दुसरी पोळी संपली तशी मी ताटावर हात आडवा धरला. दादाने नेहमीप्रमाणे माझा हात बाजूला सारून तिसरी पोळी वाढली. मी नको म्हटलं, त्याने अर्धी तरी म्हटलं, मी खरंच नको म्हटलं, त्याने पूर्णच वाढली. मग तुपाची वाटी हातात घेऊन, अगदी सहज, तो म्हणाला, “अगं, हायपोथेटिकली हं. समजा राजांकडून तुला एखादं मेडल-बिडल ऑफर झालं, तर ॲक्सेप्ट करशील?”

हेच ते विचारणं असेल, असं माझ्या मनात आलं. आणि तोंडातून काय निघालं? जे माझ्या आईच्या तोंडातून निघालं असतं तेच. “मला रे कशाला ते? या वयात बिल्ले लावून फिरू की काय?”

“म्हणजे नको?”

“नको रे बाबा.”

“बरं,” दादा म्हणाला, आणि माझ्या पोळीवर तूप ओतलं. तेही मी नको म्हटलं होतं.

मी वाट पाहत राहिले. आता म्हणेल, वेडी आहेस का, घे की. कॉफीच्या वेळी म्हणेल. दारात चपला घालताना म्हणेल. पुढच्या आठवड्यात फोनवर म्हणेल. नाही म्हणाला. शेवटी मी स्वतःचीच समजूत घातली की विचारणं खरोखर हायपोथेटिकलच असेल, आपणच हवेत इमले बांधत होतो.

जूनमध्ये बातमी आली की ते पदक दादाला मिळणार. तो आणि वहिनी तिकडे जाऊन आले. आल्यावर त्याने मला सगळं वर्णन करून सांगितलं. दरबार कसा होता, गालिचा कसा होता, राजेसाहेबांचा हात थरथरत होता पण पिन पहिल्याच झटक्यात कशी लागली. पिन लागली हे ऐकून मी त्याच्यासमोर ढसाढसा रडले. तो माझ्या पाठीवर थोपटत होता. तेव्हाही त्याने काही सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये मराठी मंडळाने एका शाळेच्या कॅफेटेरियात त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सगळं. अमेरिकन नागरिकाला ते पदक मानद असतं, नावामागे ‘सर’ लावता येत नाही, याची दादाला जरा रुखरुख होती. पण आपल्या लोकांचं काय, ते कुणालाही सर म्हणतात. मानपत्राचा मराठी अनुवाद वाचून दाखवला गेला: “महाराजांचा उजवा हात त्यांना परत मिळवून दिल्याच्या व्यक्तिगत सेवेबद्दल.” हात तर मी चालता केला होता. डॉक्टर म्हणजे टीमचा कॅप्टन, नाव त्याचंच येणार, असं मनाला सांगितलं. साठ माणसांचा मसालेभात मी केला होता. मुख्य भाषण कोणी केलं? मीच केलं.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी मी शेतकरी बाजारात सफरचंदं घेत होते. राजेसाहेबांची मुलगी भेटली. सायकल हातात, डोक्यावर लोकरीची टोपी, राजकन्या म्हणून कुणी वळूनही बघणार नाही. हात कसा आहे, मी विचारलं. छान आहे, ती म्हणाली, स्वतः बटणं लावतात आणि कुणाला मदत करू देत नाहीत. मग तिने माझा हात धरला.

“हे मी खरं तर बोलू नये,” ती म्हणाली, “पण तुम्हाला तर ठाऊकच आहे, म्हणून बोलते. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा बाबांना फार लागलं. ते रोज तुमच्यासाठी सराव करत होते, अगदी तसाच एक मरून स्वेटर आणून. पण ते म्हणाले, तिचा निर्णय आहे, मान ठेवायला हवा. मग त्यांनी तुमच्या भावाला विचारलं. म्हणाले, निदान ते तिच्या घरात तरी राहील.”

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. सफरचंदांची पिशवी तिथेच दुकानदाराच्या टेबलावर राहिली, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

मुलीला फोन केला. ती इथेच जन्मलेली, वकील आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, यू सेड नो. ही आस्क्ड, यू सेड नो. हाऊ वॉज ही सपोज्ड टु नो?”

“त्याला माहीत असतं गं,” मी म्हटलं. “तो पुण्याचा असला तरी.”

ती हसली, मी हसले नाही. तिचं चुकलं नाही. तिच्या जगात नको म्हणजे नको, आणि ते चांगलंच आहे, तिथे तसंच असलं पाहिजे. राजेसाहेबांचंही चुकलं नाही. त्यांच्या रीतीत एकदाच विचारतात, आणि आमच्याकडे पहिलं नको हे फक्त दार वाजवणं असतं हे त्यांना कोण सांगणार? दोन्ही रीती ठाऊक असलेला एकच माणूस होता. आणि मीच राजाला त्याचं नाव दिलं होतं.

मी दादाला फोन लावला. “राजांनी मला द्यायचं म्हणून तुझ्याकडे विचारलं होतं?”

“तू स्पष्ट नको म्हणालीस. तुझी वहिनी साक्षीला आहे.”

“तू सांगितलं होतंस का की राजांनी खरंच विचारलंय?”

“तसं सांगायचं नसतं. कस्टम आहे त्यांची. अगं, मी कुठे मागितलं? त्यांनीच मग माझं नाव काढलं.”

“तुला कुणाकरवी विचारलं?”

“वहिनीकरवी.”

“आणि तू किती वेळा नको म्हणालास?”

मी फोन ठेवला. त्या दिवशी मी त्याच्यावर जितकी चिडले तितकी आजवर कुणावर चिडले नाही, आणि त्यातली निम्मी चीड माझ्यावरच होती. एकदा, आयुष्यात एकदा, ‘हो, हवं आहे मला’ असं म्हणता आलं असतं तर! पण माझी चूक सवयीची होती. त्याची विचार करून केलेली होती. बत्तीस वर्षं माझं एकही नको ज्याने खरं मानलं नाही, त्याने नेमकं तेवढंच एक खरं मानलं.

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. भाऊबीजेला मी त्याला बोलावलं नाही. पण सवयीने दुपारी पाट मांडला, निरांजन तयार केलं, आणि बासुंदी आटवली. अडीच वाजता बेल वाजली. तो एकटाच होता, कोट घालून. त्या दुपारी तो मला एकदम म्हातारा दिसला. मी दार उघडलं, तो आत आला, पाटावर बसला. गुडघा दुखतो त्याचा, तरी बसला.

मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळायला तबक उचललं. तेव्हा त्याने कोटाच्या खिशातून एक निळी पेटी काढली आणि ओवाळणी म्हणून तबकात ठेवली. झाकण उघडंच होतं. आत ते पदक, पांढऱ्या एनॅमलचं, लहानसं. मला वाटलं होतं त्याहून बरंच लहान.

“घे,” तो म्हणाला.

“नको, दादा.”

“घे गं. तुझंच आहे ते. मला रोज दिसतं.”

“नको.”

तो थांबला. पेटी तबकात जरा माझ्या बाजूला सरकवली, आणि आवाज खाली आणून, पुरणपोळी वाढताना आणतो तस्साच, म्हणाला, “माझ्यासाठी घे. माझी शपथ आहे.”

ते पदक त्याला कुणाला देता येत नव्हतं. तो गेला की ते समुद्रापलीकडे परत जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण माझं लक्ष पदकाकडे नव्हतंच. तीनदा विचारलं होतं त्याने. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा जिव्हाळ्याने, तिसऱ्यांदा शपथ घालून, मध्ये थांबायचं तितकं थांबून. तो काही विसरला नव्हता. होळीच्या दुपारीही त्याला हे सगळं येत होतं.

“नको,” मी म्हटलं. ते माझं आयुष्यातलं पहिलं खरं नको.

निरांजन जळत होतं म्हणून मी त्याला ओवाळलं. पेटी मिटली आणि त्याच्या कोटाच्या खिशात परत घातली. तो हाताने भिंतीचा आधार घेत उठला. स्वयंपाकघरातून बासुंदीचा वास येत होता.

“जेवून जातोस?” मी विचारलं.

“नको, नको,” दादा म्हणाला, आणि सवयीने तिथेच उभा राहिला.

“बरं,” मी म्हटलं, आणि त्याच्यासाठी दार उघडलं.